दोह्यातला ओला उंबरा

आमच्या नाशकात माझ्या बोलण्याचा भाव ठरलेला आहे. सदाभाऊंनी रुपया सांगितला की चार आणे धरायचे. मी वाघ सांगितला तर लोक मांजर समजतात, मांजर सांगितलं तर उंदीर. माझी तक्रार नाही. चिवड्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचं तर चिवड्याइतकंच तिखटमीठ बोलण्यालाही लागतं. पण ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात कतारला जाऊन आलो आणि पंचाईत झाली. तिथलं सांगायला लागलो की मंडळी सवयीने चारच आणे धरतात आणि हसतात. म्हणून लिहून काढतो आहे. ऊन, वाळू आणि विमानं यांचे चार आणे धरा. माणसांचा मात्र पुरा रुपया. त्यांची नावं तेवढी बदलली आहेत, कारण त्यातली काही अजून लपूनच राहतात.

विमानतळाच्या शेजारी

माझी धाकटी बहीण कुसुम आणि तिचे यजमान वसंतराव दोह्यात विमानतळाजवळ राहतात. वसंतराव तेलाच्या कामावर इंजिनिअर. दोन्ही मुलगे पाचगणीच्या शाळेत, म्हणजे घरात दोघंच, अशा समजुतीने मी गेलो. विमानतळ इतका जवळ, की विमान उतरताना त्याच्या वाऱ्याने गच्चीवरचे कपडे वाळत. कुसुमचा एक परकर त्या वाऱ्यावर थेट शारजाला गेला. ऊन असं, की कोंबडी अंडं घाली ते उकडलेलंच. पाणी टँकरचं. कुसुम तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घाली. ती तुळस तिने नाशकाहून ओल्या रुमालात गुंडाळून, पर्समध्ये दडवून नेली होती. “अख्ख्या अरबस्तानात जगलेली ही एकटीच,” असं ती सांगे. थापांचं घराणं आमचं, एकटा मीच त्यातला नाही.

बॅग खाली ठेवतोय तोच गच्चीच्या जिन्यावरून सहाएक वर्षांची एक मुलगी डोकावली. भुरे केस, हातात पाटी. मला बघताच वर पळाली. कुसुमने माझं मनगट धरलं.

“दादा, आधी शपथ घे.”

“कसली?”

“वर माणसं आहेत. ती इथे नाहीत.”

“वर आहेत की नाहीत? एक काय ते सांग.”

“आहेत, पण नाहीत! बाजारात कुणी विचारलं, शेजारी कुणी चहाला बोलावलं, तरी या घरात आम्ही दोघं आणि तू. तुझं तोंड म्हणजे गावजेवणाचं आमंत्रण, म्हणून आधीच सांगते.”

संध्याकाळी जेवताना वसंतरावांनी सगळं सांगितलं. लग्नाआधी ते दोन वर्षं इराणात, बुशेरच्या बंदरावर नोकरीला होते. शेजारी रेझा, शाळेत इंग्रजी शिकवणारा. एकटा परदेशी पोरगा बघून रेझाच्या आईने वसंतरावांना दोन वर्षं जेवू घातलं. पुढे रेझाचं परवीनशी लग्न झालं, मीना ही मुलगी झाली, आणि मग ती दोघं ख्रिस्ती झाली. तिकडे राज्य पालटलं. रेझाची नोकरी गेली, दारावर दगड पडले, आणि त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसणाऱ्यांपैकी दोघांना जे उचलून नेलं ते परत आलेच नाहीत. आईचा निरोप घेऊन तिघं एका लाँचने दोह्याला उतरली. इथला त्यांचा मुक्कामाचा परवाना संपत आलेला. हिंदुस्थानचा व्हिसा आला तर मुंबई. त्याआधी कुणी बभ्रा केला तर परतीची लाँच.

“आणि तिकडे उतरल्यावर?” मी विचारलं.

वसंतरावांनी आमटी वाढून घेतली.

“तुमच्या नोकरीचं काय?”

“कळलं तर जाईल.”

“मग?”

“सदाभाऊ, दोन वर्षं त्या माउलीच्या हातचं मीठ खाल्लंय मी,” ते म्हणाले. विषय तिथेच खलास.

दुसऱ्या दिवशी परवीनने माझ्यासाठी स्वयंपाक केला. केशर घातलेला भात, वर आंबटगोड लाल बेदाणे, एकेक दाणा असा सुटा की मोजून घ्यावा. सगळ्यांना तो भात वाढला आणि माझ्या ताटात घातली पातेल्याच्या तळाची खरवड. आमच्याकडे खरवड कुणाच्या वाट्याला येते हे काय सांगायचं! शेवटी बसणाऱ्या सुनेच्या. मी नाशिकचा, पन्नाशीचा, चार माणसांत मान असलेला गृहस्थ. मुकाट्याने खाल्ली, कुडुमकुडुम आवाज करत, म्हणजे निषेध तरी नोंदला जावा. त्या आवाजाने परवीन खूश! तिने उरलेलीही खरवडून माझ्या ताटात घातली. तेव्हा रेझा हसत इंग्रजीत म्हणाला, “तळाचा भात आमच्याकडे पाहुण्याचा. आज मीनाला मिळाला नाही म्हणून ती तुमच्यावर चिडली आहे.”

मी अर्धा तुकडा मोडून मीनाला दिला. बदल्यात चिवडा दिला. तिखटाने नाक गळायला लागलं तरी पोरगी मूठ सोडीना. “चिवडा” हा तिचा पहिला मराठी शब्द. दुसरा “बस्स”, तो कुसुमकडून.

शुक्रवार

तिकडे सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे तिथल्या ख्रिस्ती मंडळींचा रविवारही शुक्रवारीच. त्या काळी दोह्यात देऊळ नाही, चर्च नाही. ज्याने त्याने आपला देव आपापल्या बैठकीच्या खोलीत ठेवायचा, आणि पडदे ओढून घ्यायचे. मेरीबाई साळवे म्हणून नगरकडच्या एक नर्स होत्या, त्यांच्या दोन खोल्यांत प्रार्थना असे. रेझाच्या व्हिसाची खटपट त्यांच्याच मुंबईच्या माणसांनी चालवली होती. अंधार पडल्यावर रेझाला गाडीतून तिथे नेणाऱ्या वसंतरावांबरोबर मीही गेलो. इंग्रजीतून काहीतरी गंभीर ऐकायला मिळणार म्हणून तोंड लांब करून बसलो, तर साळवेबाईंनी टाळ काढले! चक्क टाळ. आणि अभंगाच्या चालीवर मराठी भजन सुरू. माझी मान माझ्या परवानगीशिवाय डोलायला लागली. शेजारी दोन केरळच्या नर्सेस, एक गोव्याचा आचारी आणि हा रेझा, ज्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तो डोळे मिटून गुडघ्यावर ताल धरत होता.

“हळू हो भाऊ,” साळवेबाई मला दटावून गेल्या. “तुमचा आवाज राजवाड्यापर्यंत जाईल.”

परतताना गाडीत मी रेझाला विचारलंच. पोटात ठेवणं मला जमत नाही. “मास्तर, एवढं सगळं गमावण्यासारखं काय मिळालं तुम्हाला?”

तो काच वर करून म्हणाला, “मला कुणी पैसे दिले नाहीत, फसवलंही नाही. मी वाचलं. मला पटलं. पटलेलं पटलं नाही असं रोज सकाळी उठून म्हणणं मला जमेना.” मग म्हणाला, “परवीन वर्षभर भांडली माझ्याशी. ताटं फेकली. नंतर तिचं तिला पटलं. आता मी डगमगलो तर तीच ताट फेकते.”

आमच्या वस्तीत एक सुतार ख्रिस्ती झाला होता. त्याला दगड नाही मारले कुणी. फक्त त्याच्याकडून पाट करून घेणं बंद झालं, मग चौरंग, मग पाळणे. शेवटी त्याच्याकडे तिरडीचे बांबू तेवढे मागायला जात, आणि एक दिवस तो गाव सोडून गेला. लोक म्हणाले, स्वतःहून गेला. तेव्हा इराण्यांना नावं ठेवताना मी जरा जपून ठेवतो.

दुखानच्या वाटेवर

पश्चिम किनाऱ्यावर दुखानला वसंतरावांचं काम निघालं, मीही निघालो. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची सुरई. उंबरा ओलांडून दहा पावलं गेलो असेन, तोच मागे फस्सकन पाणी पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ कुसुमची किंकाळी.

वळून बघतो तर परवीन दारात, हातात आमचा स्टीलचा तांब्या. तांब्यातलं सगळं पाणी उंबऱ्यावर ओतलेलं. आणि त्या पाण्यात तुळशीचं पान!

आता हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. माणूस घराबाहेर नेला की मागे जमीन धुऊन काढतात तो कोणता माणूस, आणि तुळशीपत्र कुणाच्या तोंडात ठेवतात, ते आपल्याला ठाऊक आहे. मी जागच्या जागी स्वतःची नाडी बघितली.

“अगं, माझा भाऊ जिवंत आहे अजून!” कुसुम ओरडत होती. “पाणी काय ओततेस त्याच्यामागे? तेही माझ्या तुळशीचं पान तोडून!”

परवीनला मराठी कळेना, पण राग कळला. ती फारसीत बोलायला लागली, कुसुम मराठीत, वसंतराव दोन्हीकडे हात जोडून मोडक्या फारसीत आणि धडधाकट इंग्रजीत. रेझा जिन्यातूनच, बाहेर न येता, सांगत होता, “सिस्टर, सिस्टर! आमच्याकडे प्रवासाला निघालेल्याच्या मागे पाणी ओततात. पाण्यासारखा सरळ जा, आणि पाण्यासारखा परत ये. वर हिरवं पान असतं. ती त्यांना आशीर्वाद देतेय!”

कुसुम मग पदराने डोळे पुसत मला म्हणाली, “जा आता. पण गाडी हळू चालवायला सांग यांना.” आशीर्वाद एका बाजूला, खबरदारी एका बाजूला.

दुखानचा रस्ता इतका सरळ, की ड्रायव्हरने सुकाणू काढून मागच्या सीटवर ठेवलं तरी चालावं. दोन्हीकडे वाळू. एक उंट भेटला, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी उसनं घेऊन बुडवलंय. तेलाच्या विहिरींवरच्या ज्वाळा भरदुपारी पेटलेल्या. समुद्र मात्र निळा, उथळ, आळशी. मैलभर आत गेलो तरी घोट्यालाच पाणी. हे चार आण्यांतलं धरा. गुडघ्यापर्यंत होतं. हे सगळं बघताना मनात मात्र ते उंबऱ्यावरचं पाणीच होतं. भांडी एका पाण्यात विसळणाऱ्या घरात त्या बाईने माझ्यासारख्या चिवडेवाल्याच्या परतीसाठी तांब्याभर ओतलं.

परत आलो, हातीपायी धड. कुसुमने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून वसंतराव कामाला निघाले की परवीन दाराआडून पाणी ओती आणि कुसुम तिला तुळशीचं गळून पडलेलं पान देई. तोडलेलं नाही, गळलेलं. तडजोड अशी झाली. परवीनचं म्हणणं साधं होतं. आमच्या डोक्यावरचं छप्पर रोज सकाळी गाडीत बसून बाहेर जातं, ते रोज परत यायला हवं.

पाव भाजणारा

कोपऱ्यावर अब्बास नावाचा इराणी भट्टीवाला होता. हातभर लांबीच्या गरम रोट्या भट्टीतून काढून तो वर्तमानपत्रात गुंडाळून देई. त्याचं आणि माझं हिंदीत जमलं होतं. मी त्याला गोदावरीतल्या मगरींच्या गोष्टी सांगे, तो मला एक रोटी जास्त देई.

एका सकाळी त्याने रोटी दिली पण हात सोडला नाही.

“सेठ, तुम्हारी चौखट रोज गीली रहती है.”

“मेरी बहन को सफाई की बीमारी है,” मी म्हणालो.

“हां हां. सफाई.” तो भट्टीकडे बघत हळू बोलू लागला. बुशेरचा एक पिस्त्यांचा व्यापारी आला आहे, आगा करीम. आपल्या धाकट्या भावाला शोधतो आहे, भावजय आणि पुतणीसकट. भाऊ घेऊन ये नाहीतर दुकानाला कुलूप, असं तिकडच्या नव्या राज्याच्या कमिटीवाल्यांनी त्याला बजावलं आहे. सापडला आणि आला नाही, तर पोलिसांत जाणार. “मला विचारलं. मी पाच वेळा नमाज पढतो सेठ, खोटं बोलत नाही. मी सांगितलं, मला रोटीचं माहीत आहे, माणसांचं नाही. पण तो दुपारी या रस्त्याने येईल, आणि त्याला डोळे आहेत.”

घरी पळालो. वसंतराव कामावर गेलेले. उंबरा ओलाच, मध्ये पान. कुसुमने कपडा घेतला, पुसायला वाकली आणि थांबली.

“पुसून डाग जाणार नाही, दादा. रोजच्या पाण्याने धुळीचा थर बसलाय.” तिने पदर खोचला. “मैदा आण. आणि हळद.”

“आता काय करंज्या करणार?”

“सडा कधी बघितला नाहीस का रे दारात?”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढच्या तासाभरात माझ्या बहिणीने, जिने लग्नानंतर कधी दारात रांगोळी घातली नव्हती, उंबऱ्यासमोर मैद्याची अशी रांगोळी काढली की बास. ठिपके, कमळं, गोपद्मं, वर हळदीचं बोट. आणखी दोन तांबे पाणी शिंपडलं. वर गच्चीवरच्या खोलीत रेझा, परवीन आणि मीना श्वास धरून बसली.

आगा करीम

तो एकटाच आला. उंच, पांढुरकी दाढी, धुळीने माखलेले चांगले बूट, हातात कागदी पुडी. रांगोळीच्या कडेला थांबला. मी दारातल्या खुर्चीत, कुसुम माझ्यामागे. पिस्ते विकायला तो मुंबईला येत असे, त्यामुळे हिंदी बरी होती.

“हे पाणी कुणी ओतलं?” त्याने विचारलं.

मी सुटलो. लोकहो, आयुष्यभर ज्या थापा मारल्या ती तालीम होती. म्हणालो, आमच्या मुलखात दारात रोज पाणी शिंपडतात, त्याला सडा म्हणतात, त्याशिवाय लक्ष्मी घरात पाय ठेवत नाही. जेवढं मोठं घराणं तेवढं जास्त पाणी. माझ्या आजोबांच्या दारात असा सडा पडे की खालच्या गल्लीत होड्या चालत. दोन पाहुणे बुडाले, तिसऱ्याला पोहता येत होतं तो जावई करून घेतला.

“आणि पान?”

“तुळस. आमची देवी. सड्यात पान टाकलं की मच्छर येत नाहीत.” कुसुमने मागून माझ्या पाठीत बोट रुतवलं.

तो हसला नाही. ओल्या जागेकडे बघत राहिला.

“आमच्याकडे पाणी ओततात ते जाणाऱ्याच्या मागे,” तो म्हणाला. “माझा भाऊ गेला तेव्हा आईने ओतलं. धर्म सोडलेल्याच्या मागे! मी रागाने तिच्या हातातलं भांडं हिसकावून घेतलं. अर्धं पाणी पडलं, अर्धं भांड्यातच राहिलं.” त्याने पुडी दुसऱ्या हातात घेतली. “आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. एकच विचारते. अर्ध्या पाण्याने माणूस परत येतो का?”

माझ्याजवळ याला जोडायला गोष्ट नव्हती. जन्मात पहिल्यांदा नव्हती. वर काहीतरी हललं, खुर्चीचा पाय असेल. त्यानेही ऐकलं. मान वर केली नाही.

“घरात मुलं आहेत?”

“दोन मुलगे. हिंदुस्थानात, शाळेत.”

“मुलगी?”

“मुलगी नाही.”

त्याने हातातली पुडी पुढे केली. पिस्ते होते. “मुलीला द्या.”

“आगा, या घरात मुलगी नाही म्हटलं ना.”

“जी नाही, तिला द्या,” तो म्हणाला. मग रांगोळीवर पाय पडू नये म्हणून लांबून वळसा घेऊन निघून गेला. मी थापाड्या माणूस आहे. थाप कुणाच्या गळी उतरली आणि कुणी नुसती ऐकून घेतली ते मला चेहऱ्यावरून कळतं. त्याच्या गळी एक अक्षर उतरलं नव्हतं. दुकानाला कुलूप लागणार हे ठाऊक असून तो रिकाम्या हाताने बुशेरला परत गेला. अब्बासने सांगितलं.

वर गेलो तर रेझा जिन्याच्या पहिल्या पायरीवर, आणि परवीनने दोन्ही हातांनी त्याचा सदरा मागून घट्ट धरलेला. भावाचा आवाज त्याने ओळखला होता. मी करीमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, काही वाढवलं नाही. रेझाने पुडीतला एक पिस्ता सोलला, दाणा मीनाला दिला आणि टरफल खिशात ठेवलं.

निघताना

व्हिसा आला तेव्हा माझाही मुक्काम संपत आला होता. एकाच विमानात चौघांची तिकिटं काढली. विमानात मी काही बोलायचं नाही, असं सगळ्यांनी माझ्याकडून तीनदा कबूल करून घेतलं. संध्याकाळचं विमान. साळवेबाई येऊन रेझाला मुंबईच्या माणसांचा पत्ता तोंडपाठ करवून गेल्या. अब्बासने रोट्यांचं गाठोडं पाठवलं, कुणासाठी ते विचारलं नाही. कुसुमने सगळ्यांच्या तळहातावर दही घातलं. मीनाने चाटून पुन्हा हात पुढे केला आणि म्हणाली, “चिवडा.”

गाडीत बसलो. परवीन काचेतून उंबऱ्याकडे बघत होती. आज पाणी ओतणारीच निघाली होती.

कुसुम बाहेर आली. हातात तांब्या. तुळशीकडे गेली आणि एक पान तोडलं. गळलेलं नाही, तोडलं. गाडीमागे तिने सगळा तांब्या ओतला. मग आत जाऊन पुन्हा तांब्या घेऊन आली आणि आणखी थोडं ओतलं.

“अगं, दोनदा कशाला?” मी काच खाली करून म्हणालो. “टँकर परवा आहे!”

“पहिलं माझं,” ती म्हणाली. “हे त्यांच्या आईचं. राहिलेलं अर्धं.”

वसंतरावांनी ते रेझाला इंग्रजीत सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. परवीनने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“परत कुठे यायचं आम्ही?” त्याने हातांआडूनच विचारलं.

“इथेच या की,” कुसुम म्हणाली. “चहाला.”

गाडी निघाली. दोह्याच्या उन्हात सांडलेलं पाणी डोळ्यांदेखत नाहीसं होतं, हे मी इतके दिवस बघत आलो होतो. वळणावर मान वळवून पाहिलं. उंबरा अजून ओला होता. यात मी एक थेंबही वाढवलेला नाही.